नव्या फोनवरची बटणं

“बटण,” नवा फोन म्हणाला. मालिशवाल्यांनी बोट जरा उजवीकडे सरकवलं. “बटण.” आणखी सरकवलं. “बटण.”

त्यांना जन्मापासून दिसत नव्हतं. घरोघरी जाऊन मालिश करायची कामं एका अॅपवरून मिळत आणि जुना फोन ती बटणं नीट वाचून दाखवी: काम घ्या, नकार द्या, फोन करा. पण तो चारचौघांत काढायची लाज वाटावी असा. म्हणून मुलानं दुसऱ्या कंपनीचा भारीतला फोन आणला आणि जुना बदल्यात देऊन टाकला. हौसेला मोल नाही म्हणतात. इथे ते बापाला मोजावं लागत होतं.

“अहो बाबा, ते हिरवं बटण दाबायचं!” मुलगा म्हणाला आणि लगेच जीभ चावली. “म्हणजे... डावीकडचं.”

सुनेचा ऑफिसचा फोन जुन्याच कंपनीचा होता. तिनं त्यावर तेच अॅप घेतलं, वाचून दाखवायची सोय चालू केली आणि दोन्ही फोन शेजारीशेजारी ठेवले.

“काम घ्या,” तिचा फोन बोलला.

“बटण,” बाबांचा म्हणाला.

“अॅप तेच, पण या फोनसाठी नुसतं उरकलंय,” ती म्हणाली. “बटणांना नावंच दिली नाहीत.”

“कळवलंय मी अॅपवाल्यांना. बघू म्हणाले.” मुलाचा आवाज पडला होता. “पण फोन छान आहे ना, बाबा?”

जुनाच आणून दे रे, हे शब्द बाबांच्या अगदी ओठांवर आले होते. “छान आहे,” ते म्हणाले.

आठवडाभरात एका निवृत्त नर्सबाईंचा फोन आला. खांदा आखडला की त्या यांनाच बोलावत.

“दोनदा नकार दिलात. माझं काही चुकलं का?”

“नाही हो ताई, चुकून दाबलं गेलं...”

“दोन्ही वेळा?” त्या दुखावल्या होत्या. “असू दे. दुसरे येऊन गेले.”

बाबांना अक्षरशः रडू फुटलं. संध्याकाळी मुलानं ते अॅप स्वतःच्या फोनवर घेतलं.

“आता कामं मी ऑफिसातून घेत जाईन. कुठे जायचं ते फोन करून सांगेन. तुम्ही फक्त कशाला हात लावू नका.”

“नाही लावत.”

दुसऱ्या दिवशी ते सकाळीच तेलाची पिशवी घेऊन तयार झाले आणि मुलाच्या फोनची वाट बघत दाराजवळच्या खुर्चीत बसून राहिले.