सहा घरच्या सुऱ्या

ज्या दिवशी ते कळलं, तो बाजाराचा दिवस होता. सकाळपासून डोंगरावरच्या शेलाटो गावची माणसं खाली उतरत होती. अंजुलो मात्र घरीच थांबला होता, कारण शेती केंद्रातली आयेलेच त्याच्या बागेतले मुनवे बघायला वर येणार होती.

मुनवे बोगालेचने धरले होते. अंजुलोची बायको. मस्कलच्या सणानंतर दहाव्या दिवशी ती गेली, त्याला चार महिने झाले होते. ताप छातीत उतरला आणि बांबूच्या डोलीतून खालच्या दवाखान्यात नेताना वाटेतच संपलं. त्याच्या आदल्या वर्षी तिने एनसेटची नऊ जुनी झाडं निवडली होती. त्यांचे कंद काढून, मधला कोंब कापून, ते पुन्हा मातीत पुरले होते. एकेका कंदाभोवती चाळीस-चाळीस मुनवे, म्हणजे नवे फुटवे, आले; ते तिने ओळींनी लावले. येत्या पावसाला ते बावीस घरांत जायचे होते.

बावीस घरांना ते का हवे होते हे शेलाटोत कुणी कुणाला सांगत नव्हतं. सगळ्यांना ठाऊकच होतं. वीस वर्षांपूर्वी गावाने एनसेट उपटून सफरचंद लावलं. सुरुवातीला व्यापाऱ्यांचे ट्रक वरपर्यंत येत. मग थंडी पहिल्यासारखी पडेना. थंडी नाही तर फूल नाही. जी चार फळं लागत, त्यांना खाली कुणी विचारीना. बाजारात लांबून आलेली मोठी, चकचकीत सफरचंदं दिसू लागली. सातूनेही दोन वर्षं दगा दिला. एनसेट तसं नाही. दिसायला केळीसारखं, पण केळी देत नाही. त्याचं खोड आणि कंद खरवडून तो गर खड्ड्यात आंबवायचा आणि भाकर करायची. परसात पन्नास झाडं असली की पाऊस येवो न येवो, घर उपाशी मरत नाही. बोगालेचने आपली बाग मोडू दिली नव्हती. अंजुलो तेव्हा सफरचंदाच्या सभांना पुढे बसायचा. घरी येऊन तो तिच्याशी भांडला होता. ती म्हणाली होती, "तुझं सफरचंद तू खा. मला पोट आहे."

आयेलेच आली तेव्हा शेजारचा म्हातारा डोला कुंपणाला टेकून उभा होता. बाजाराला निघालेला, पण बोलल्याशिवाय पाय निघत नव्हता.

"पोरी, माझे वीस मुनवे आधी बाजूला काढ," तो म्हणाला. "यंदा माझ्या सफरचंदाला तीन फळं आली. एक माकडानं खाल्लं, एक बकरीनं. तिसरं मी कुलपात ठेवलंय. तुमचा मोठा साहेब आला की त्याला देणार."

"साहेबाला दात नाहीत, बाबा," आयेलेच म्हणाली.

"मग तर नक्की देणार."

तो हसत उतरून गेला. आयेलेच बागेत शिरली. ती झटपट चालणारी बाई होती, पण तिसऱ्या ओळीशी थांबली. एका मुनव्याचा मधला कोवळा पोंगा वाकला होता. पान पिवळं पडून मधूनच लोंबत होतं. तिने सुरी मागितली, विस्तवावर धरली, गार होऊ दिली आणि देठ कापला. कापलेल्या जागी पिवळसर चिकट थेंब आले.

तिने दुसरं कापलं. मग पाचव्या ओळीतलं, मग अगदी वरच्या ओळीतलं. दर वेळी सुरी विस्तवात. दर वेळी तेच थेंब.

"मर रोग," ती म्हणाली.

अंजुलोने वाकून ते थेंब पाहिले.

"काका, एकाच ओळीत असता तर ओळ काढली असती. हा सगळीकडे आहे. हा सुरीनं फिरलाय. तुमची सुरी कुठे कुठे गेली होती?"

"माझी सुरी बागेत आलीच नाही," तो म्हणाला. आणि हे म्हणता म्हणताच त्याला सगळं कळलं.

शेलाटोत बाई गेली की तिच्या मैत्रिणी आपापल्या घरची सुरी घेऊन तिच्या बागेत जातात. प्रत्येक ओळीतलं एकेक पान कापतात आणि त्या पानांवर तिला ठेवतात. एकही ओळ वगळायची नाही. वगळलेली ओळ रडत राहते म्हणतात. सुऱ्या बागेबाहेर येईपर्यंत नवऱ्याने आत पाऊल टाकायचं नाही, तोंड उघडायचं नाही, आणि दुखवट्याच्या बागेत विस्तव न्यायचा नाही. हे मोडलं तर गोमे लागतं, आणि गोमे एका घरावर थांबत नाही, गुरंढोरं, पाऊस, पोरंबाळं, सगळ्यांवर येतं.

आणि झाडागणिक सुरी विस्तवातून काढायची, हे गावाला शिकवलं होतं अंजुलोनेच. आयेलेचने त्याला शिकवलं, त्याने सभेत सांगितलं, आणि बोगालेच घरोघरी बागांत जाऊन बायकांना दाखवत फिरली. पुरुष सभेत बोलतो ते सभेतच राहतं. सुरी बाईच्या हातात असते. त्या दिवशी सहा घरच्या सहा सुऱ्या ओळीओळीने फिरल्या. अंजुलो कुंपणाबाहेर उभा होता. त्याला ते दिसत होतं. विस्तवाचं मनात आलंही होतं. पण आत बोगालेचसाठी गाणं चाललं होतं, आणि तो गप्प राहिला.

"सगळं काढावं लागेल," आयेलेच म्हणाली. "मुळासकट. खोल खड्डा करून पुरायचं. या जमिनीत दोन वर्षं एनसेट नाही. आणि काका, त्या सहा सुऱ्या आपापल्या घरी परत गेल्यात."

"माहीत आहे."

"मी आज संध्याकाळी सांगू का?"

"तू नको. तू सांगितलंस तर म्हणतील, केंद्राची बाई आमच्या दुखवट्यात खोट काढते. मी सांगीन."

पण त्याने त्या दिवशी सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तो एकटाच खणत राहिला. बोगालेचने बोटांनी माती सारखी केलेल्या ओळी होत्या त्या. एकेक मुनवा ओढला की मूळ तुटल्याचा आवाज यायचा. पहिली ओळ गेली तेव्हा डोला कुंपणाशी आला.

"आत्ताच काढतोस? पाऊस कुठाय अजून?"

"जागा करतोय," अंजुलो म्हणाला.

"जागा माझ्या परसात केलीय मी. वीस खड्डे खणून बसलोय. कंबर मोडली. बोगालेच असती तर म्हणाली असती, म्हाताऱ्या, खड्डे तुझ्यासाठी खणलेस की झाडांसाठी?"

अंजुलोला हसावं लागलं. मग तो घरात गेला आणि बसून राहिला. आयुष्यात त्याने डोलाला बऱ्याच थापा मारल्या होत्या. पण एवढ्या वर्षांत बोगालेचच्या नावावर हसून खरं कधी लपवलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी दुबुशावर, म्हणजे गावाच्या बैठकीच्या हिरवळीवर, पुरुष जमले. वडीलधाऱ्यांनी हातात गवत घेऊन नेहमीचा आशीर्वाद म्हटला: जमीन थंड राहो, माणसं थंड राहोत. अंजुलो उठला आणि सगळं सांगितलं. मुनवे गेले. रोग सुऱ्यांनी आला. सहा घरांच्या बागा बघायला हव्यात, आजच. तेव्हा मी पाहिलं होतं आणि बोललो नाही.

मग सहा घरांपैकी एका घरचा मालक, शाना, बसल्या जागेवरून म्हणाला, "माझी बायको तुझ्या बायकोसाठी रडायला आली होती. रोग घेऊन नाही."

"मी तसं म्हणत नाही."

"मग काय म्हणतोस? सफरचंद लावा म्हणालास, लावलं. एनसेट लावा म्हणालास, खड्डे खणले. आता म्हणतोस, आमच्या बायकांच्या हातात मर आहे. उद्या काय म्हणशील? दुखवट्याला येऊ नका?"

डोला खाली गवताकडे बघत होता. "मला जागा करतोय म्हणालास," तो एवढंच बोलला. त्यात राग नव्हता. राग असता तर अंजुलोला बरं वाटलं असतं.

बायकांच्या बागेत शिरायचा हुकूम दुबुशा देत नाही. वडीलधाऱ्यांनी एवढंच ठरवलं: अंजुलोने दारोदार जावं, ज्या घरची बाई आत घेईल, तिने घ्यावं.

त्याच दुपारी बोगालेचची मैत्रीण डालोते त्याच्या कुंपणाशी आली. ती त्याला दाजी म्हणायची, कारण बोगालेचला बहीण मानायची. तिच्या हातात फडक्यात गुंडाळलेली सुरी होती.

"दाजी, लांबनंच ऐका. माझ्या बागेतली दोन झाडं मस्कलच्या आधीच गेली होती."

अंजुलोने कुदळ खाली ठेवली.

"मी उपटून गवताखाली लपवली. बोगालेचला सांगितलं नाही. ती रागावली असती. म्हणाली असती, डालोते, तुला शिकवून शिकवून माझी जीभ झिजली." ती थांबली. "ती आजारी होती. म्हटलं, बरी झाली की सांगीन."

"आणि सुरी?"

"धुतली होती, दाजी. तिच्याकडे येण्याआधी तीनदा धुतली. राखेनं घासली. दुखवट्याला विस्तवातून काढलेली सुरी कशी आणणार? धुतली की जाईल असं वाटलं."

धुऊन जात नाही, हे तो तिला सांगू शकला असता. ते तिला आता ठाऊक होतं. ती पुढे म्हणाली, "तुम्ही तरी बोलायचं होतं. गोमे लागलं असतं तर लागलं असतं. मी घेतलं असतं निम्मं."

"हो," तो म्हणाला.

"नुसतं हो काय? ती असती तर तुम्हाला सोडलं नसतं."

"दोघांनाही नसतं सोडलं."

डालोतेने डोळे पुसले आणि सुरी कुंपणावरून पुढे केली. बाई आपली सुरी परक्या पुरुषाच्या हातात देत नाही. त्याने ती घेतली, चुलीजवळ नेली आणि पातं लाल होईपर्यंत विस्तवात धरली. लाकडी मूठ करपली. त्याने ती फेकली नाही; गार झाल्यावर परत दिली. "आता बाग दाखव," तो म्हणाला.

तिच्या बागेत अकरा झाडं निघाली. तिने स्वतः खणली, तो माती ओढत होता. पुढच्या आठवड्यात आणखी तीन घरांनी त्याला आत घेतलं. एका घरी काही सापडलं नाही. एका घरी सात झाडं. तिसऱ्या घरी बागेची खालची सगळी बाजू. तिथली म्हातारी त्याला भाजलेले सातू खायला देऊन समोर बसून राहिली आणि म्हणाली, "खा. आता हेच आहे." आयेलेच वर आली तेव्हा तिने केंद्रातून मुनवे मिळतील का ते विचारून पाहिलं होतं. खालच्या गरम भागातले मिळतील, म्हणाली, पण ते या उंचीवर तग धरतील की नाही सांगता येत नाही. बोगालेचचे धरायचे. तिने निवडून निवडून तीच झाडं धरली होती, जी गारठ्यातही टिकली आणि उन्हातही. त्या नऊ झाडांचा एकही मुनवा आता उरला नाही.

शानाच्या दारात अंजुलो तीनदा जाऊन आला. तिसऱ्या वेळी शानाच्या बायकोने आतूनच सांगितलं, "माझी बाग हिरवी आहे. जा." सहावं घर दार उघडतच नाही. त्या घराच्या कुंपणावरून वाकलेला एक पोंगा वाटेवरून दिसतो. डोलाच्या परसात वीस खड्डे तसेच आहेत. पहिल्या पावसात त्यांत पाणी साचेल.

दोन घरच्या बागा अजून बघायच्या आहेत. अंजुलोच्या बागेतला वरचा खड्डा बुजवायचा आहे. बावीस घरांना मुनवे द्यायचे आहेत, आणि मुनवे नाहीत.