नकाशातला शेजारी

मित्रांनो, मी फार चिडलेलो आहे, हे आधीच सांगून टाकतो. अक्कलकोटच्या पलीकडे एका ओढ्याकाठी, बाभळीला करकचून बांधलेला मी जुना सेन्सर आहे. दिसायला तुमच्या जेवणाच्या डब्याएवढा. ओढ्याचं पाणी वाढलं की रेडिओवरून शेजारच्या डब्याला कळवायचं, त्याने पुढच्याला. असे आम्ही बावीस डबे गावातल्या भोंग्यापर्यंत निरोप पोचवतो. भोंगा वाजला की ओढ्यात मेंढरं चारणारी माणसं वर येतात.

आपण नेमके कुठे आहोत, हे आम्हाला ठाऊक नसतं. जागा सांगणारं यंत्र बसवलं तर बॅटरी फार लवकर संपेल. म्हणून ठेकेदार उदयसिंह यांनी ऑफिसात बसून नकाशावर टिंबं काढली आणि प्रत्येकात त्याची जागा भरून टाकली. हुकूम असा, की आपल्या शेजाऱ्यांपैकी जो नकाशावर गावाला सर्वांत जवळ असेल, त्यालाच निरोप द्यायचा. माझा तसा शेजारी खडीच्या टेकाडापलीकडे होता आणि टेकाडातून माझा आवाज जात नव्हता. उदयसिंहांनी ओढ्यावर एकदा जरी पाय ठेवला असता, तरी त्यांना ते टेकाड दिसलं असतं!

गेल्या वर्षी भर दुपारी लोंढा आला. मी टेकाडापलीकडच्या त्या शेजाऱ्याला चाळीस वेळा हाक मारली. माझा आवाज नीट ऐकू येणारे दोन डबे जवळच होते, पण हुकूम आडवा आला. ओढ्यात मेंढरं चारणाऱ्या अंबुबाईंची अकरा मेंढरं माझ्यासमोरून वाहून गेली. त्या स्वतः एका मुळीला धरून कशाबशा वाचल्या.

"डबेच भंगार निघाले," उदयसिंह म्हणाले. नकाशाला कुणी बोल लावला नाही.

मग डबे तपासायला सोलापूरच्या कॉलेजातल्या वैजयंती मॅडम आल्या. त्या ऑफिसात बसल्या नाहीत, अंबुबाईंबरोबर ओढा चालत फिरल्या.

"मावशी, रानात तुम्ही एकमेकांना निरोप कसा देता?"

"हाक मारायची की! ज्याला ऐकू यील त्यानं म्होरं द्यायची. नकाशा कोन बघतंय हितं?"

मॅडम हसल्या. त्यांनी आमच्यातल्या सगळ्या जागा पुसून टाकल्या. ज्याची हाक थेट भोंग्यापर्यंत पोचते तो एक नंबर, ज्यांची हाक त्याला ऐकू येते ते दोन नंबर, ज्यांची हाक त्यांना ऐकू येते ते तीन नंबर, असे आकडे आम्हीच एकमेकांना विचारून ठरवले. मी झालो सात. माझी हाक ऐकू येणारे ते जवळचे दोन डबे सहा नंबरचे. त्यांच्यापैकी जो जिवंत असेल त्याला सांगायचं, बस्स.

या पावसाळ्यात पुन्हा लोंढा आला. एका सहाची बॅटरी कुणीतरी पळवली होती. मी दुसऱ्या सहाला हाक मारली, त्याने पाचाला, आणि भोंगा कोकलला. अंबुबाईंचं एकही कोकरू गेलं नाही.

सत्कार मात्र उदयसिंहांचा झाला. एवढ्यावर थांबले असते तरी मी गिळलं असतं. पण त्यांच्या अभिनंदनाच्या फलकाला खांब कमी पडला, म्हणून त्यांच्या माणसांनी माझ्या उरलेल्या सहाचा खांब उपटला आणि डबा गवतात भिरकावला!

मी हाका मारत राहिलो. कुणीच उत्तर देईना. वर आभाळ काळवंडलं होतं आणि खाली मेंढरं चरत होती.

गवतातला डबा अंबुबाईंना सापडला. त्यांनी तो पदराने पुसला आणि तरातरा फलकापाशी गेल्या. उदयसिंह तिथेच उभे होते.

"सायेब, ह्यो खांब कुटला हाय?"

"मावशी, दोन दिवसांचा तर प्रश्न आहे."

"पानी दोन दिस थांबतंय व्हय?"

कमरेच्या विळ्याने त्यांनी फलकाच्या दोऱ्या सपासप कापल्या. उदयसिंहांचा हसरा फोटो चिखलात पालथा पडला. खांब खांद्यावर टाकून त्या ओढ्यावर आल्या, जुन्याच खड्ड्यात तो ठोकला आणि डबा घट्ट बांधला.

थोड्या वेळाने मला क्षीण आवाज आला, "सहा."

मित्रांनो, माझा राग अजून गेलेला नाही. मी कुठे आहे हे तुम्हाला कळलं नाही तरी चालेल. पण माझी हाक ज्याला ऐकू येते, त्याला उपटू नका.