माझ्या डोक्यावरचा मोबाईल

मित्रांनो, मी एक जुने लाकडी स्टूल आहे. पोटात राहायला नको म्हणून आधीच सांगून टाकते, मी मोबाईलवर जळते.

मी माझ्या मालकाच्या हातचे पहिले काम. तो तेव्हा एका फर्निचरच्या कारखान्यात सुतारकाम शिकत होता. माझ्या अंगात एकही खिळा नाही. माझ्या फळीला चार आरपार खाचा आहेत आणि पायांची टोके त्यांत पाचर मारून बसवली आहेत. ती वरून चांगली ठसठशीत दिसतात. त्याच्या उस्तादांनी मला पाहिले आणि म्हणाले, "बसायला ठीक आहे, पण दाखवू नकोस कुणाला. चांगल्या सुताराचा सांधा दिसत नसतो."

मालकाने ते मनावर घेतले. पुढे त्याने कपाटे केली, पलंग केले, पण सांधा म्हणून कुठे दिसू दिला नाही. मला त्याने घरी आणले. माझ्यावर उभी राहून त्याची बायको माळ्यावरचे डबे काढायची, माझ्यावर बसून तो बूट घालायचा. घरात माझे बरे चालले होते.

मग तो कारखाना बंद पडला. मालक दारोदार हिंडला, पण कुठे डाळ शिजली नाही. शेवटी त्याने हत्यारांची पेटी विकून एखाद्या दुकानात ओझी उचलायचे ठरवले. रविवारी गिऱ्हाईक पेटी बघायला येणार होते. बायकोने आपल्या धाकट्या बहिणीला बोलावून घेतले.

या मेव्हणीला तिची स्वतःची नोकरी सोशल मीडियावरून लागली होती. "भावोजी, तुम्ही काम शोधताय हे लोकांना कळायला नको का?" असे म्हणत तिने त्याच्या मोबाईलवर त्याचे खाते उघडले. मोबाईल उभा करायला जागा हवी म्हणून मला पुढे ओढले. मालकाने लाजून माझ्या सांध्यांवर फडके टाकले आणि त्यावर मोबाईलची स्वारी बसली.

काय त्याचे लाड सांगू, मित्रांनो. त्याला मऊ कापडाने पुसायचे, त्याचे चार्जिंग सांभाळायचे, आणि तो नुसता किणकिणला तरी तिघे धावायचे. मी इतकी वर्षे सगळ्यांचे वजन पेलले, माझ्यासाठी कधी कुणी धावले नाही.

आणि तो दाखवत काय होता, तर कपाटांची गुळगुळीत दारे. लोक लाइकचा अंगठा देऊन पुढे जायचे. एकाने तर विचारले, हे फोटो एखाद्या दुकानातून उचललेत का? मालकाचा चेहरा उतरला. मला वाईट वाटले, पण मोबाईलची फजिती झाली म्हणून जरा बरेही वाटले.

शनिवारी सकाळी मेव्हणीने मालकाला व्हिडिओत दोन शब्द बोलायला उभे केले, तेवढ्यात माझा एक पाय डुगडुगला आणि मोबाईल तोंडावर आपटला. मी मुद्दाम केले नाही. तो पाय बरेच दिवस सैल होता, पण घरात माझ्याकडे बघायला सवड कुणाला होती? मेव्हणीने आधी मोबाईललाच उचलले.

मालकाने मात्र मला उचलले. फडके काढून मला आडवे केले आणि पेटी उघडली. जुनी पाचर काढली, टोक पटाशीने हळूहळू तासले, खाचेत घालून बघितले, पुन्हा जरासे तासले आणि नवी पाचर ठोकली. बोलायचे होते ते तो विसरूनच गेला. मेव्हणीच्या हातात मोबाईल चालूच होता.

काम झाल्यावर त्याच्या ते लक्षात आले. "हे टाकू नकोस हं," तो म्हणाला. "शिकाऊ काम आहे. लोक हसतील."

"हसू देत," बायको म्हणाली. "कपाटांचे फोटो कुणाचेही असतील. हे हात तुमचेच आहेत."

मेव्हणीने व्हिडिओ टाकला आणि तो बघून संध्याकाळी एका बाईंचा फोन आला. त्यांचा जुने फर्निचर दुरुस्त करण्याचा कारखाना होता आणि मोडका सांधा उकलून पुन्हा जुळवणारा माणूस त्यांना मिळत नव्हता. सोमवारपासून या म्हणाल्या, आणि येताना तुमची हत्यारे आणा. मालकाने लगेच पेटीच्या गिऱ्हाइकाला येऊ नका म्हणून कळवले. बायको माझ्यावर मटकन बसली आणि पदराने डोळे पुसू लागली.

मग कौतुक कुणाचे झाले? मोबाईलचे. "मोबाईलनं नोकरी दिली," असे जो तो म्हणू लागला. व्हिडिओत आडवे पडून पाय तासून घेतला मी, आणि नाव झाले त्याचे. सोमवारी पेटी कामावर गेली, मोबाईलही खिशात बसून गेला, आणि मी दाराशी राहिले. माझा किती जळफळाट झाला ते मलाच ठाऊक.

मित्रांनो, उद्या तुम्हीही काम मागायला जगापुढे उभे राहाल, तेव्हा आपल्या हातचे पहिले काम फडक्याखाली झाकू नका. आणि घरातल्या सैल पायांकडे वेळेवर बघत जा.

मालकाने ते फडके पुन्हा माझ्यावर टाकले नाही. परवा कामावरून आल्यावर तो मोबाईल खिडकीत ठेवून माझ्यावर बसला. शेजाऱ्यांनी विचारले, हे स्टूल कुठून घेतले? "मीच केलंय," तो म्हणाला. "माझं पहिलं काम." आणि माझ्या सांध्यावरून त्याने अंगठा फिरवला. खिडकीत मोबाईल किणकिणला. कुणी धावले नाही.