भोपळ्याचे दहा कोपरे

पाचोडच्या शाळेत तिसरीला घन शिकवायचा म्हणून आशाबाईंनी घरचा लाल भोपळा चौकोनी कापून आणला. सहा पृष्ठं, बारा कडा, आठ शिरोबिंदू, म्हणजे कोपरे. पोरांनी हात लावून लावून मोजलं. बाई पाणी प्यायला बाहेर गेल्या तेवढ्यात बिरू धनगराची शेळी वर्गात शिरली आणि एक कोपरा खाऊन गेली.

बाईंना रडू यायचं बाकी होतं. त्यांनी दातांच्या खुणांवर सुरीनं सपाट काप दिला, पोरांना पुन्हा मोजायला लावलं आणि बिरूला बोलावून घेतलं.

"तुझ्या शेळीनं कोपरा खाल्ला. नवा भोपळा आणून दे."

"दहा!" पोरं ओरडली.

बाईंनी स्वतः मोजलं. दहाच भरले. कापाच्या जागी तीन नवे कोपरे उगवले होते.

बिरू म्हणाला, "बाई, शेळीनं एक खाल्ला, तुमाला तीन दिले. वरचे दोन कवा नेऊ?"

गलका ऐकून सरपंच आप्पासाहेब आले. त्यांनी भोपळा मांडीवर घेऊन तीनदा मोजला.

"बाई, माझ्या वावराला चारच कोपरे. माझ्याशी कायम बरोबरी करतो त्या पुंजारामच्याबी चारच. एक कापला तर?"

"पाच होतील. पण आप्पासाहेब, जमीन कमी होईल."

"जमीन कुणाला दिसती? कोपरे मोजता येतात!"

बाईंनी फळ्यावर आकृती काढून परोपरीनं समजावलं. आप्पासाहेबांनी मान डोलावली आणि दुसऱ्याच दिवशी वावराचा शाळेकडचा कोपरा तोडून शाळेला देऊन टाकला. मग पाच दगड रोवले आणि पुंजारामला हाताला धरून एकेका दगडापाशी उभं केलं. पुंजाराम तोंड पाडून घरी गेला.

पोरं त्या तिकोनी तुकड्यात कबड्डी खेळू लागली. टोकाकडच्या संघाला उभं राहायलाच जागा नव्हती, तरी दोन्ही संघ रोज भांडून टोकच मागायचे.

आठवड्यानं पुंजाराम शाळेच्या दारात आला. त्याचं वावर शाळेच्या मागं होतं, दोन कोपरे थेट भिंतीला टेकलेले.

"बाई," तो हळूच म्हणाला, "सहा कसे करायचे वं?"

आशाबाईंनी बाहेर पोरांकडं पाहिलं. पाच जण एकमेकांच्या पायावर पाय देऊन टोकात उभे होते. या खेपेला त्यांनी जमिनीचा विषय काढला नाही. खडू उचलला आणि म्हणाल्या, "बसा दादा. लई सोपं आहे."