शत्रूची एक ओळ

मित्रांनो, टेंभुर्णीच्या खालच्या अंगाला, भीमेकाठच्या एका गावात मी राहतो. मी फळा आहे. शाळेतला नव्हे, चौकातला. जोतिराम सुतारानं सागाच्या फळ्या जोडून मला घडवलं. टॉर्चच्या जुन्या सेलमधला कोळसा कुटून, पाल्याच्या रसात कालवून माझ्या अंगावर तीन हात दिले आणि ग्रामपंचायतीच्या पडवीत मला टांगलं. त्याला आता सव्वीस वर्षं झाली.

माझ्यावर आदिनाथ गुरुजी लिहायचे. सकाळी पेपर आला की धोतराचा सोगा सावरत स्टुलावर चढायचे. उसाचा दर, धरणातलं पाणी, कुणाची हरवलेली म्हैस, सगळं त्यांच्या गोल अक्षरात माझ्यावर उमटायचं. एकदा तालुक्याच्या साहेबांनी माझ्यासमोर गाडी थांबवून गुरुजींची पाठ थोपटली होती. मग मोबाईल आले. लोक माझ्याकडे पाठ करून कट्ट्यावर बसू लागले. गुरुजींचं लिहिणं मात्र एक दिवस चुकलं नाही.

त्या वर्षी सीमेवर युद्ध पेटलं आणि माझ्यापुढे पुन्हा गर्दी झाली. आमच्या गावचा सिद्धराम आघाडीवर होता. त्याचे आईवडील, गिरिजाबाई आणि ज्ञानबा, मेंढरं घेऊन माळाला निघाले की माझ्यासमोर थांबायचे. दोघांनाही वाचता येत नव्हतं. गुरुजी वाचून दाखवायचे. ज्ञानबा प्रत्येक वेळी विचारायचा, "आमच्या सिदूचं काय हाय का त्यात?"

चौथ्या दिवशी शत्रूच्या वाहिनीनं बातमी सोडली. गुरुजींनी ती माझ्यावर लिहिली. वरती वीतभर अक्षरांत लिहिलं, 'आपले वरचे धरण फोडले.' खाली बोटभर अक्षरांत लिहिलं, 'हा शत्रूचा दावा आहे. खातरजमा नाही.'

मित्रांनो, मोटारसायकलवरून जाणाऱ्याला वीतभर अक्षरं दिसतात. बोटभर अक्षरं दिसत नाहीत. एकानं वाचलं आणि ओरडत सुटला. अर्ध्या तासात गाव माळाकडे पळालं. बिभीषण हा गावचा पुढारी. त्यानं आपल्या म्हाताऱ्या आईला, म्हाळसाबाईला, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसवलं. कॅनॉलच्या वळणावर ट्रॉली उलटली. म्हाळसाबाई खाली सापडून जागीच गेली.

धरणाला ओरखडासुद्धा आला नव्हता.

तिचा तिसरा झाला आणि बिभीषण माझ्यासमोर येऊन उभा राहिला. गुरुजी खाली मान घालून कट्ट्यावर बसले होते.

"मास्तर, दुश्मनानं एक गोळी झाडली न्हाय गावावर. तुमच्या खडूनं माजी आय मारली."

"खाली लिहिलं होतं मी, बिभीषणराव. खातरजमा नाही म्हणून."

"कुटं लिवलं हुतं? मुंगीच्या डोक्याएवढं! दुश्मनाला बोलायला आपला फळा कशाला द्यायचा?"

"लोकांना कळायला नको? आपलं राज्य लोकांचं आहे. लोक ऐकतील आणि काय ते ठरवतील."

"ठरवलं की लोकानी. पळायचं ठरवलं."

गुरुजी कट्ट्यावरून उठले आणि घरी गेले.

संध्याकाळी चौकात गावाची बैठक झाली. युद्ध संपेपर्यंत शत्रूकडची कुठलीही गोष्ट गावात लिहायची नाही, बोलायची नाही आणि फळाही बंद ठेवायचा, असं ठरलं. सगळ्यांचे हात वर गेले. गिरिजाबाई तेवढी उठली. "फळा ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली. "आमाला न वाचणाऱ्याला तेवढाच एक आधार हाय. मास्तर चुकलं, फळा न्हाय चुकला."

बिभीषणनं तिच्याकडे असं पाहिलं, की मला भीती वाटली. दुसऱ्या दिवशी तो डांबराचा डबा घेऊन आला आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत मला माखून टाकलं. डांबर गार होत गेलं तसा माझा राग घट्ट होत गेला. मी लाकूड आहे, मला हात नाहीत. पण त्या दिवसापासून मी एकच इच्छा धरली. या माणसाला एकदा माझ्यासमोर गुडघ्यावर आलेलं बघायचं.

आठवडाभरात लष्कराकडून फोन आला. सिद्धराम बेपत्ता. ज्ञानबानं मेंढरं सोडली आणि अंथरूण धरलं.

त्यानंतर दोन दिवसांनी भर दुपारी बिभीषण पडवीत एकटाच बसला होता. त्याच्या फोनवर काहीतरी आलं. शत्रूच्या वाहिन्या सरकारनं बंद केल्या होत्या, पण त्याचा मेव्हणा आखातात कामाला होता. तिथं सगळं दिसायचं, आणि त्यानंच शत्रूच्या वाहिनीवरचं चित्रण धाडलं होतं. बिभीषणनं बटण दाबलं आणि मला आवाज ऐकू आला. "नाव सिद्धराम. जिल्हा सोलापूर, महाराष्ट्र." आवाज थकलेला होता, पण तो आमच्या सिदूचाच होता. लहानपणी याच कट्ट्यावर गोट्या खेळताना तो भांडायचा, तो आवाज मी विसरेन कसा?

बिभीषणनं ते तीनदा ऐकलं. मग माझ्याकडे बघून पुटपुटला, "दुश्मनाचं बोलणं. गावात बोलायचं न्हाय. गावानंच ठरवलंय." फोन खिशात घातला आणि निघून गेला.

पोरगं जिवंत होतं. हे गावात दोघांनाच माहीत होतं. एक बोलत नव्हता आणि दुसऱ्याच्या तोंडावर डांबर होतं. गिरिजाबाई रोज समोरून पाण्याची घागर घेऊन जायची. माझ्याकडे बघायचीसुद्धा नाही. मला वाटायचं, उन्हानं हे डांबर वितळावं आणि त्याखाली आपोआप अक्षरं उमटावीत. तसं होत नसतं, मित्रांनो. त्या दुपारनंतर एकोणिसाव्या दिवशी ज्ञानबा गेला. शेवटपर्यंत एकच म्हणत होता, "पोरगं माज्याआधी गेलं." तिरडी माझ्यासमोरून नेली. बिभीषण खांदा द्यायला पुढे होता.

युद्ध थांबलं. कैद्यांची अदलाबदल झाली आणि सिद्धराम परत आला. चौकात त्याचा सत्कार ठेवला. बिभीषण माईकवर छान बोलला. तेवढ्यात गर्दीतून त्याचा मेव्हणा पुढं आला. तो रजेवर आला होता. त्यानं सिद्धरामला मिठी मारली आणि गिरिजाबाईच्या पाया पडला.

"मावशी, मी तिकडं ह्याला टीव्हीवर बघितलं की! लगेच दाजीला धाडलं. तुमाला दाखवलं असंल दाजीनं?"

गिरिजाबाईनं मान वळवली.

"बिभीषण, कवा आलं हुतं तुज्याकडं?"

बिभीषणच्या हातातला माईक खाली आला. "ह्यो बेपत्ता झाल्याचं कळलं, त्येच्या दोन दिसांनी."

"म्हंजी आमचं मालक जिते हुते तवा."

"व्हय."

"का न्हाय सांगितलं?"

बिभीषणनं एकदा माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाला, "वरनंच सांगणं हुतं, पसरवू नगा म्हणून. गावाचा ठराव हुता. खोटंबी असंल, वाटलं." पुढचं बोलताना त्याचा आवाज फाटला. "आन् तू फळ्याच्या बाजूनं बोललीस. माजी आय मातीत, आन् तू फळ्याच्या बाजूनं."

सिद्धराम मुठी आवळून पुढं झाला. गिरिजाबाईनं त्याला दंडाला धरून मागं ओढलं. "हात लावायचा न्हाय. मारलं की फिटतं. ह्येचं फिटायला नगं."

तिनं कमरेचं खुरपं काढून बिभीषणपुढं टाकलं. "खरवड."

आणि गावाचा पुढारी सत्काराच्या कपड्यांत माझ्यासमोर गुडघ्यावर बसला. खुरपं, रॉकेल आणि चिंध्या घेऊन दुपारभर तो मला खरवडत होता. त्याची नखं काळी झाली, बोटं सोलली. खोटं कशाला बोलू? मला फार बरं वाटलं. एकही माणूस उठून गेला नाही आणि एकानंही त्याला पाणी दिलं नाही.

"आता लिव्ह," गिरिजाबाई म्हणाली.

त्यानं लिहिलं, 'सिद्धराम जिता आहे हे मला ठाऊक होते. मी ज्ञानबाला सांगितले नाही.' मग तसाच वळून त्यानं खडू गुरुजींपुढे धरला.

"मास्तर, माज्या आयचं कोण लिवणार?"

गुरुजींनी खडू घेतला. त्यांनी खाली लिहिलं, 'म्हाळसाबाई माझ्या एका ओळीने गेली.' या वेळी अक्षर वीतभर होतं.

मित्रांनो, लढाईच्या दिवसांत शत्रूचं बोलणं बंद करावं का, असं तुम्ही मला विचाराल. एक माणूस माझ्या बोलण्यानं गेलं आणि एक माझ्या गप्प राहण्यानं. मी एवढंच सांगतो. बंदी घालायचीच असेल, तर बंदीची किल्ली ज्याच्या मनात सूड आहे त्याच्या हाती देऊ नका. आणि लिहायचंच असेल, तर कोण बोलतंय ते आधी लिहा, मोठं लिहा.

गुरुजी आता तसंच लिहितात. पण त्या दोन ओळींच्या जागेवर कुणी लिहीत नाही. खडू आहे, महिन्या-दीड महिन्यात पुसट होतो. तसं झालं की गिरिजाबाई बिभीषणच्या दारात जाते आणि एवढंच म्हणते, "अक्षर दिसंना झालंय." मग तो येतो. शेजारी गुरुजी उभे राहतात. दोघं आपापली ओळ गिरवतात. गेल्या सोमवारी बिभीषणनं विचारलं, "वैनी, आनी किती दिस?"

घागर कमरेवर घेऊन गिरिजाबाई निघून गेली. तिनं उत्तर दिलं नाही. मीही दिलं नसतं.