सातवा शेवट

तिने चित्रातल्या बाईला उचलून धक्क्यावरच्या बाकावर बसवलं, मागची लाँच काढून टाकली आणि खालच्या काळ्या पट्टीत एक ओळ टाकली : 'मी कुठेही जात नाही.' कपातला चहा निवायच्या आत काम झालं. मग तिने ते चित्र फोरमवर चढवलं आणि खाली लिहिलं,

"हे मी आत्ता घरी बसून बनवलं. पायरी या नवख्याने टाकलेला फोटोही असाच बनतो. बाकावर बसलेल्या बाईचं चित्र खेळाच्या फोल्डरात पडलेलंच आहे, कुठेही न वापरलेलं. कुणीही काढावं आणि जोडावं. सेव्ह फाइल नाही म्हणजे शेवट नाही. आजारी आईला मध्ये आणल्याने पुरावा तयार होत नाही."

फोरमवरच्या बोक्याचं उत्तर लगेच आलं. "घातलास घाव वर्मी! मोजपट्टी, आता याला उचलून बाहेर टाक."

मोजपट्टी हे तिचं फोरमवरचं नाव. ते तिने घेतलेलं नव्हतं, लोकांनी ठेवलेलं होतं, आणि तिला ते मनातून आवडायचं. फोरम चित्रकादंबऱ्यांचा होता. पडद्यावर चित्र, त्याखाली दोन ओळी. बटण दाबलं की पुढच्या दोन ओळी. मधूनच काही पर्याय समोर येतात, आणि तुम्ही निवडाल तशी गोष्ट वळते. बाहेरच्या माणसाला हा वेळ घालवायचा उद्योग वाटतो. आतली माणसं त्यावरून एकमेकांच्या नरड्याला हात घालतात.

'शेवटची लाँच' हा त्यांचा लाडका खेळ. त्यात एक बाई बॅग घेऊन धक्क्यावर उभी असते आणि शेवटी लाँचमध्ये बसून निघून जाते. शेवट सहा, सहाही वेळा ती जाते. कधी भांडून, कधी रडत, कधी निरोपही न घेता. मोजपट्टीने खेळाची संहिता उघडून प्रत्येक पर्यायातून कुठली वाट फुटते याचा नकाशा काढला होता. तो नकाशा फोरमच्या माथ्यावर टाचलेला असे आणि त्याच्या जोरावर तिला फोरमची व्यवस्थापक केलं होतं. ती रंगांच्या कारखान्यात प्रयोगशाळेत होती. डोळ्याला न दिसणारा दोन छटांमधला फरक आकड्यात सांगायचा, हे तिचं काम. पण आकड्याखाली सही साहेबाची. घरात थोरल्या बहिणीपुढे तिचं काही चालायचं नाही. इथे मात्र तिचा शब्द शेवटचा होता.

आणि पायरी नावाचा कुणी नवखा येऊन सांगत होता, की त्याच्याकडे बाई गेलीच नाही. लाँच सुटली, ती बाकावर बसून राहिली. पुरावा म्हणून त्याने पडद्याचा फोनवर काढलेला तिरका फोटो टाकला होता. फोरमचा रिवाज असा, की नवा शेवट सापडला म्हणणाऱ्याने त्या जागची सेव्ह फाइल द्यायची. इतरांनी ती उघडून पाहायची. पायरीचं म्हणणं, तिथे सेव्ह होतच नाही. कुठलंही बटण दाबलं की खेळ पहिल्या पानावर जातो.

"व्वा! अंगणही वाकडं आणि तालही," बोक्याने लिहिलं होतं.

पायरीने एवढंच उत्तर दिलं, "जे दिसलं ते सांगितलं. तुम्ही चांगली माणसं वाटला होतात."

मोजपट्टीने त्याचं नाव निवडलं आणि 'बंदी' या शब्दावर बोट ठेवलं. क्षणभर थांबली. दाबलं.

त्यानंतर पंधरवड्याने, रविवारी सकाळी, तिने तोच खेळ पुन्हा उघडला. नकाशाची नवी आवृत्ती काढायची होती आणि मुखपृष्ठाला धक्क्याचं स्वच्छ चित्र हवं होतं. बाई बॅग घेऊन उभी होती, खाली ओळ होती : 'लाँच आली.' पुढचं बटण दाबलं की पर्याय येणार. तेवढ्यात बाहेरून हाक आली.

"शहाणे! इस्त्री कुठे लपवलीस?"

"लपवली नाही. ठेवलीय."

"मग काढ."

"ती माझी आहे, ताई."

बाहेरच्या खोलीत चालायला जागा नव्हती. खोकी, दोरी, वर्तमानपत्रांचे बोळे. ताईला दुसऱ्या गावच्या इस्पितळात नोकरी लागली होती. तिने घरात सांगितलं ते सगळं ठरल्यावर, जेवताना, मीठ मागावं तसं. तेव्हापासून दोघींमध्ये बोलणं व्हायचं ते फक्त वस्तूंबद्दल.

"तुझी?" ताई खोक्यावर चिकटपट्टी ओढत म्हणाली. "अख्खं कॉलेज माझे शर्ट घालून काढलंस. तेही मीच इस्त्री करून दिलेले."

"पहिल्या पगारात मी आणलीय."

"आणि वायर जळाली तेव्हा नवी कोणी बसवून आणली?"

"मग वायर घेऊन जा."

ताईने चिकटपट्टी दातांनी तोडली. "तू ना, समोर माणूस पेटला तरी आधी तापमान मोजशील."

"आणि तू? तू पेटलीस तरी कळवणार नाहीस. नंतर राख दाखवशील."

"कळवून काय झालं असतं? नकाशा काढला असतास?"

इथून पुढे गाडी घसरली. इस्त्रीवरून मिक्सरवर, मिक्सरवरून आईच्या आजारपणात कोण किती रात्री जागलं यावर, तिथून कोण कुणाला न सांगता कुठे गेलं यावर. कुणीच आवाज चढवला नाही. दोघींनाही दबक्या आवाजात बोचकारायची सवय होती. शेवटी ताई "जा, तुझी बाई वाट बघत असेल," म्हणाली आणि तिने पाठ फिरवली.

चांगल्या तासाभराने मोजपट्टी खोलीत आली, दार लोटलं आणि खुर्चीत बसता बसता थबकली.

धक्का रिकामा होता. लाँच नव्हती. बाई बाकावर बसली होती.

तिचा हात आपोआप माउसकडे गेला आणि वाटेतच थांबला. आवाजही बदलला होता. संपूर्ण खेळभर मागे वाजणाऱ्या लाटा बंद होत्या. त्या जागी कुणीतरी श्वास घेत होतं. संथ, जवळून, शेजारी बसलेल्या माणसाचा ऐकू यावा तसा.

तिने सेव्ह करण्यासाठी बटण दाबलं. पडदा काळा झाला आणि खेळाचं पहिलं पान आलं.

एकदा दिसलं म्हणजे काहीच दिसलं नाही, हे तिला कुणी शिकवायला नको होतं. तिने खेळ पुन्हा धक्क्यापर्यंत आणला, फोनवर घड्याळ लावलं आणि दोन्ही हात मांडीखाली घालून बसली. बाहेर चिकटपट्टी कर्रकर्र वाजत राहिली. पाऊण तास होत आला तेव्हा लाँच निमूट निघून गेली. बाईने थोडा वेळ लाँचच्या दिशेने पाहिलं आणि ती बसली. मग लाटा थांबल्या.

चूक कुठे झाली ते तिला लगेच दिसलं, आणि म्हणूनच ते जास्त लागलं. तिने संहितेतले सगळे पर्याय तपासले होते. काहीच न निवडणं हा पर्याय संहितेत कुठून असणार? तो लाटा आणि घड्याळ चालवणाऱ्या भागात होता. तो भाग कुलूपबंद होता, आणि उघडत नाही म्हणून तिने आत काही नसणार असं धरलं होतं. त्यात फोरमवर कुणीच सावकाश वाचत नसे. सहा शेवट झपाट्याने गाठायचे म्हणून सगळे ओळी पळवायचे. पाऊण तास त्या धक्क्यावर कुणी थांबलंच नव्हतं.

एक जण सोडून. तिने पायरीची पहिली पोस्ट काढली. ती तिने वाचली होती, चिरफाडही केली होती. 'आईची कूस बदलून द्यायला उठलो होतो. मग तिचं जेवण झालं, औषध झालं. परत आलो तर ही बसलेली होती.' प्रयोगाची सगळी रीत त्यात होती. खाली बोक्याचा विनोद होता, त्याखाली वीसेक जणांचं हसू आणि त्यात तिचंही.

गप्प बसता आलं असतं. पायरी बाहेर होता, नकाशा टाचलेला होता, पाऊण तास थांबणारा दुसरा कुणी येणार नव्हता. तिने नखाने टेबलाच्या कडेचा निघालेला टवका उचकटला, पुन्हा जागेवर दाबला. मग पायरीवरची बंदी उठवली आणि लिहायला घेतलं.

"नकाशा अपुरा आहे. सातवा शेवट आहे. मी बहिणीशी बोलायला उठले होते, परत आले तर बाई बाकावर होती. मग न उठता पुन्हा करून पाहिलं, पुन्हा तेच झालं. 'लाँच आली' या ओळीवर काहीही न दाबता, माउस न हलवता पाऊण तास थांबा. पायरी खरं सांगत होता. मी त्याला बाहेर काढलं, ती माझी चूक."

आवाजाबद्दल तिने लिहिलं नाही. ते कसं लिहावं ते तिला कळेना.

"थांबलो पाऊण तास. काही नाही," बोक्याने लिहिलं.

तिची पोस्ट पडून वीस मिनिटंही झाली नव्हती. तिने तसं लिहिलं.

"अरे वा, आता आमचं घड्याळही तपासणार! सेव्ह फाइल टाक ना सरळ."

"तिथे सेव्ह होत नाही."

"हे कुठेतरी ऐकलंय बुवा."

मग इतर आले. एकाने तिचंच बनवलेलं चित्र पुन्हा चिकटवलं : "'हे मी आत्ता घरी बसून बनवलं.' कोण म्हणालं होतं बरं?" दुसऱ्याने विचारलं, पायरी आणि ती एकच तर नाहीत? तिसऱ्याने तिची ओळ फक्त एक शब्द बदलून टाकली : "बहिणीला मध्ये आणल्याने पुरावा तयार होत नाही." त्याखाली हसू साचत गेलं. ती हवं तर पडद्याचं चित्रण करून टाकू शकली असती. पण चित्रण कसं खोटं असतं हे चारजण समजावून सांगतील, आणि समजावायला तिनेच शिकवलं होतं, हेही तिला दिसत होतं. दुपारी तिच्या नावापुढचं व्यवस्थापकाचं चिन्ह गेलं. नकाशा मात्र माथ्यावर तसाच राहिला, सहा शेवटांचा, तिच्या नावानिशी.

ती पान बंद करणार तोच कोपऱ्यात खासगी निरोपाची खूण आली. पायरी.

"आवाज कसला येतो?"

एवढंच. ना नमस्कार, ना आभार. फोटोत जे नव्हतं, फोल्डरातून काढता येण्यासारखं नव्हतं, नेमकं तेच त्याने विचारलं होतं. त्याच्या जागी तिनेही हेच विचारलं असतं.

तिने लिहिलं, "लाटा थांबतात. मग कुणीतरी श्वास घेतं."

त्याच्या नावापुढचा हिरवा ठिपका बराच वेळ पेटलेला राहिला. तिने काही जोडलं नाही. माफीचं एक वाक्य तयार होतं, ते पुसलं, परत लिहिलं, पुसलं.

"बरोबर," त्याचं उत्तर आलं.

नंतर ठिपका विझला. तिने त्याच्या नावावर टिचकी मारली तर पान उघडलं नाही. पांढऱ्या पडद्यावर एकच ओळ होती : 'हे खातं सदस्याने स्वतः बंद केलं आहे.'

मग तिने खेळ धक्क्यावर आणून ठेवला, 'लाँच आली' या ओळीवर. माउसला हात न लावता उठली आणि बाहेर आली.

ताई दाराशी गादीच्या वळकटीवर बसली होती, पायात बूट घालून. भोवती बांधलेली खोकी.

"टेम्पो?"

"येईल की. तुला काय घाई झालीय माझी?"

ती शेजारी बसली. वळकटी तिच्या बाजूने दबली, तसा ताईचा खांदा तिच्या खांद्याला लागला. ताईने तो काढून घेतला नाही आणि तिच्याकडे पाहिलंही नाही.

"इस्त्री तुझ्या टेबलाखाली ठेवलीय," ताई म्हणाली. "वायरसकट."

ती दोन्ही हात मांडीखाली घालून बसली.

"हे काय? थंडी वाजतेय?"

"नाही."

"मग बोल काहीतरी. एरवी तोंडाचा पट्टा चालू असतो."

खाली रस्त्यावर एक गाडी आली, थांबल्यासारखी वाटली आणि पुढे गेली. दोघींपैकी कुणीही उठून खिडकीपाशी गेलं नाही.