अंदाजाचं माप

नणंद दार ढकलून सॅम्पलच्या खोलीत आली तेव्हा टेपवालीच्या ओठांत चार टाचण्या होत्या, म्हणून बरं. नाहीतर दिवसाचा पहिलाच शब्द वाईट गेला असता.

"अगं बाई, वहिनी!" नणंद म्हणाली. "अजून मशीनलाच चिकटलेली आहेस? म्हणजे कोर्टात मी काही खोटं बोलले नव्हते."

टेपवालीने एकेक टाचणी काढून मनगटावरच्या छोट्या गादीत खोचली. शेवटची जरा जास्तच खोल गेली. "मी आता कुणाची वहिनी नाही. सात वर्षं झाली त्याला."

गळ्यात सदा मोजपट्टी, म्हणून खेळाचे कपडे शिवणाऱ्या त्या कारखान्यात तिला सगळे टेपवालीच म्हणत. यंदा मालकीणबाईंनी नवीन घाट घातला होता. चाळिशीच्या पुढच्या, भरल्या अंगाच्या बायका लांब पल्ल्याचं पळतात, त्यांना सोयीचे कपडे काढायचे. टी-शर्ट आणि आखूड पँट अशी एक जोडी कटिंग मास्तर शिवणार, एक टेपवाली. एक खरीखुरी पळणारी बाई दोन रविवारी एकेक जोडी घालून तीस-तीस किलोमीटर पळणार आणि तिला जी बरी वाटेल तीच कारखाना काढणार. ज्याची जोडी, त्याच्या ताब्यात नवे नमुने शिवायची ही सॅम्पलची खोली. हरलं तर टेपवालीला खालच्या हॉलमध्ये जाऊन दिवसभर खिसे जोडायचे होते. खिसे तिने सोळा वर्षं जोडले होते. त्या कामाचं तिला कुणी वर्णन करून सांगायला नको होतं.

आणि मालकीणबाईंनी पळायला बोलावलेली बाई म्हणजे ही. शाळेत खेळ शिकवायची, वर्षाला दोन-तीन शर्यती पळायची. या दोघींमध्ये विस्तव जात नाही, हे कारखान्यात कुणाला ठाऊक असायचं? टेपवालीच्या नवऱ्याने काडीमोड मागितला तेव्हा याच नणंदेने देवाची शपथ घेऊन सांगितलं होतं, 'हिला संसार नकोय, मशीन हवंय.'

टेपवालीने मापं घ्यायला सुरुवात केली. खांदा, छाती, कंबर.

"टेप सैल धर जरा. गळा नाही आवळायचाय."

"गळ्याचं माप वेगळं असतं. हवं असेल तर तेही घेते."

"घे की. तेवढंच राहिलंय."

राहिलं होतं ते मांडीचं. त्याला गुडघे टेकून बसावं लागतं. एरवी ती दोनदा घ्यायची, एकदा सरळ उभं करून आणि एकदा पाय स्टुलावर ठेवायला लावून, कारण पळणाऱ्या बाईची मांडी ताणली की फुगते. नणंद कमरेवर हात ठेवून वरून बघत होती.

"बस ना खाली. की कमीपणा वाटतोय?"

टेपवालीने टेप गुंडाळली. "मला नजरेने कळतं. बावीस इंच."

"नजरेने?"

"सोळा वर्षांची नजर आहे." आणि तिने वहीत बावीस लिहून टाकलं.

दोन रविवार गेले. त्यानंतरच्या सोमवारी नणंद फेंगडे पाय टाकत आली आणि मालकीणबाईंच्या टेबलावर तिने दोन गाठोडी आपटली. मास्तर आणि टेपवाली भिंतीला टेकून उभे होते.

"मास्तर, हा तुमचा टी-शर्ट. सुती आहे, मऊ आहे, दुकानात हात लावून बघायला झकास. बारा किलोमीटरनंतर ओल्या टॉवेलसारखा अंगावर लोंबायला लागला. काखेतली शिवण टोचते. मानेमागचं लेबल मी वाटेतच ओरबाडून टाकलं. आणि पँट? एका हाताने धरून पळतेय मी! लोक वळून वळून बघत होते."

"बाई, एवढं लांब पळायचं म्हणजे थोडं सहन..."

"मग तुम्हीच पळा."

नणंदेने दुसरं गाठोडं सोडलं. "ही हिची जोडी. टी-शर्ट घातलाय हेच विसरायला झालं. कापड घाम धरून ठेवत नाही, वाऱ्याला लगेच वाळतं. कमरेचं इलॅस्टिक रुंद आहे, पोटात रुतत नाही. पण पँट... मास्तर, तुम्ही जरा बाहेर व्हा."

दार लागल्यावर तिने सलवार वर सरकवली. दोन्ही मांड्यांना आतून बोटभर रुंद पट्टे सोललेले होते, लालभडक. मालकीणबाईंनी तोंडावर हात ठेवला.

"पाचव्या किलोमीटरला पँट वर चढायला लागली. चढली की कड गुंडाळते, आणि ती कड करवतीसारखी चालते."

"पाचव्याला?" मालकीणबाई म्हणाल्या. "मग थांबायचं ना! तीस कशाला पळालात?"

"थांबले असते तर ही म्हणाली असती, पाचच पळाल्या, मनातच खोट यांच्या. म्हणून पुरे तीस करून आणलेत."

मालकीणबाईंना टेपवालीचं काम आवडायचं. त्यांनी तिच्याकडे बघत सावकाश विचारलं, "मलम वगैरे लावलं होतं का तुम्ही? बऱ्याच जणी लावतात म्हणे."

"नव्हतं लावलं."

म्हणजे वाट मोकळी होती. मलम लावलं नाही तर मांड्या सोलणारच, एवढंच म्हणायचं होतं. वाक्य टेपवालीच्या जिभेवर येऊन बसलंसुद्धा. पण तिची नजर त्या पट्ट्यांवरून हलेना. दोन्हीकडे एकाच उंचीवर, आखून काढल्यासारखे. कुठे किती कमी पडलं ते तिला छापील अक्षरासारखं वाचता येत होतं.

"मलमाने काही झालं नसतं," ती म्हणाली. "घेर कमी पडलाय. मी मांडीचं माप घेतलंच नाही. अंदाजाने लिहिलं."

"तू? का गं?"

"यांच्या पायाशी बसायचं नव्हतं मला."

नणंदेने सलवार खाली ओढली. मग ती म्हणाली, "बघा. सात वर्षांनी का होईना, खरं बोलली." टेपवालीच्या अंगाचा तिळपापड झाला.

"मग मास्तरांची जोडी घ्यावी लागेल," मालकीणबाई म्हणाल्या.

"त्या पोत्यात मी पळणार नाही आणि कुणाला पळा म्हणणारही नाही. हिला दुरुस्त करू दे. जखमा भरल्या की मी पुन्हा पळते. आणि ही सायकलवरून सोबत येणार, तीसच्या तीस. तिथे अंदाज चालायचा नाही."

"मी काय म्हणून..."

"जायचं," मालकीणबाई म्हणाल्या. "चुकलं तर मास्तरांनाच सांगते नवीन कापड घ्यायला, आणि तू खाली."

त्याच दुपारी टेपवाली गुडघ्यांवर बसली. सरळ उभं राहून साडेतेवीस, पाय स्टुलावर ठेवून चोवीस. तिने वहीतल्या बावीसवर काट मारली.

तीन आठवड्यांनी, सकाळी, गोदामांच्या लांबलचक भिंतीकडेने एक बाई पळत होती आणि दुसरी तिच्या लगत, तोल सांभाळत सायकल हाकत होती.

"कड?"

"जागेवर."

"आतली शिवण?"

"अंगाला चिकटू नकोस एवढी, चाक लागेल!"

"लांबून शिवण दिसत नाही."

अठराव्या किलोमीटरला नणंद धापा टाकत म्हणाली, "भावाने दुसरं लग्न केलं. ठाऊक आहे?"

"ठाऊक आहे."

"तिला... घरकामही येत नाही... आणि मशीनही."

"मग तिच्या वेळी साक्षीला कोण, तुम्हीच?"

नणंदेने एकदम वेग वाढवला. रागावलेली मांडी कशी पळते ते टेपवालीला आयतंच बघायला मिळालं. कापड ताणलं, सुटलं, पुन्हा ताणलं. कड हलली नाही. सव्विसाव्याला मात्र दम संपला आणि नणंदेचा उजवा पाय आत पडायला लागला. दोन मांड्या आता एकमेकींना घासत होत्या, आणि शिवण नेमकी तिथेच. हे कुठल्या टेपला कळलं असतं? सायकल एका हाताने धरून टेपवालीने त्याच हाताच्या पाठीवर पेनाने खूण केली : शिवण दोन बोटं पुढे घ्यायची.

"तिथे लागतंय ना? खरं सांगा."

"घासतंय. सोलत नाही. पळू दे मला, बडबड नको."

तीस झाल्यावर नणंद एका बंद दुकानाच्या पायरीवर बसली. पँटची कड वर करून तिने दोन्ही मांड्या बोटाने चाचपल्या. कातडी धड होती. तिने फोन लावला. "हो, मीच. हिचीच जोडी घ्या. शिवण थोडी सरकवायची आहे, तिला कळलंय ते." आणि फोन बंद केला.

खोली टेपवालीची झाली होती. तिने सायकलची घंटी उगाच पुसली.

"आभारबिभार मानू नकोस," नणंद म्हणाली. "मला बेचाळीस पळायचेत आणि तुझ्या शिवणीत पळता येतं, एवढंच. कोर्टात बोलले त्यातला एक शब्द मागे घेत नाही मी."

"मी मागितलाय?"

"आणि माझ्यापासून सुटलीस असं समजू नकोस. थंडीचे कपडे, पावसाचं जाकीट, सगळं मीच घालून बघणार. मालकीणबाईंनी वर्षभरासाठी ठरवलंय मला. दर सोमवारी."

टेपवालीने सायकल वळवली. वर्षाचे सोमवार तिने मनात मोजले, बावन्न. तरी ती सीटवर ताठ बसली.

"सोमवारी दहाच्या आत या," ती म्हणाली. "आणि येताना आंघोळ करून या. मापं मला घ्यायची असतात."